अ‍ॅलेंड्रोनेटची पहिली गोळी घेण्याआधी

हाडांच्या ठिसूळपणावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा देतात. उपाशीपोटी घेतली तरी तिच्यातले जेमतेम ०.६ ते ०.७ टक्के औषध रक्तात उतरते, म्हणजे अर्धा मिलिग्रॅमही नाही. हे औषध कॅल्शियमला घट्ट चिकटते. त्याच गुणामुळे ते हाडावर बसते, पण पोटात आधीच दूध किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर तिथेच अडकून शौचावाटे निघून जाते. कोऱ्या कॉफीनेही शोषण सुमारे ६० टक्क्यांनी घटते. चहासोबत गोळी घेणारा रुग्ण वर्षभर औषधाचे पैसे भरतो आणि हाडांना जवळजवळ काहीच मिळत नाही.

सुरुवात रक्ततपासणीने करावी: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन. हे औषध हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखते, त्यामुळे हाडातून रक्तात येणारे कॅल्शियम कमी होते. ते मुळातच कमी असेल तर आणखी घसरते. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात. म्हणून आधी कमतरता भरून काढायची, मगच गोळी.

क्रिएटिनिनच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. ७८ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या बाईंचे क्रिएटिनिन १.१ असेल तर रिपोर्ट ठीक वाटतो. वय आणि वजन धरून हिशेब केला की क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला सुमारे २८ मिलिलिटर निघतो, आणि ३५ च्या खाली हे औषध देऊ नये असे मानतात. अशक्त, वयस्कर रुग्णांसाठी हा हिशेब डॉक्टरांकडून आवर्जून करून घ्या.

अन्ननलिका अरुंद असेल, गिळताना घास अडकत असेल किंवा अर्धा तास ताठ बसणे जमत नसेल, तर ही गोळी नकोच. ती अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे व्रण पडतो. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पेलाभर म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर साध्या पाण्याबरोबर ती अख्खी गिळायची. चघळायची, चोखायची नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असते, तेव्हा आरओचे पाणी बरे. त्यानंतर निदान ३० मिनिटे बसून, उभे राहून किंवा चालत काढायची, आणि काही खाल्ल्याशिवाय आडवे व्हायचे नाही. कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्याही त्यानंतरच. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर ठेवले की घोळ होत नाही. गिळताना दुखले, छातीत नव्याने जळजळ सुरू झाली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा.

ठरलेला वार चुकला तर आठवण होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी घ्या, पुढे नेहमीचा वार. एका दिवशी दोन कधीच नाहीत.

दाताच्या डॉक्टरांकडे आधीच जाऊन या. दात काढायचा असेल तर तो काढून जखम भरू द्यावी, कारण या औषधावर असताना जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याचा धोका क्वचित असतो. कॅन्सरसाठी अशाच औषधांची मोठ्या मात्रेची इंजेक्शने घेणाऱ्यांत तो बराच जास्त.

हाडात बसलेले औषध वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे साधारण ५ वर्षांनी ते चालू ठेवायचे की थांबवायचे, याचा फेरविचार करतात. मधल्या काळात मांडीत किंवा जांघेत कारणाशिवाय दुखू लागले तर वाताचे दुखणे समजून तेल चोळत बसू नका. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्या. मांडीच्या हाडाला जाणारी दुर्मीळ तड पूर्ण मोडण्याआधी अनेकदा अशीच दुखते.