सहल अजिंठ्याला न्यायची की वेरूळला?

दिवाळीची सुट्टी संपली की स्टाफरूममधे सहलीचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतंच, "यंदा अजिंठा-वेरूळ करू." चहा-पोहे म्हणावं तसं एका दमात. त्या दोन नावांमधली ती बारकी रेघ बोलताना कुणाला ऐकू येत नाही, पण त्या रेघेत रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटर आहेत, आणि ८० पोरं घेऊन तो रस्ता एका दिवसात कापायचा म्हटलं तर लेणी कमी आणि बसची खिडकीच जास्त बघून होते.

मी बरीच वर्षं सहली नेतोय, दोन्हीकडे नेल्यात. पेपर तपासताना "कैलास लेणे अजिंठा येथे आहे" हे वाक्य (ते आहे वेरूळला) इतक्यांदा वाचलंय की आता मला त्यात पोरांची चूक वाटत नाही, आपणच त्यांना ते जोडनाव शिकवतो ना. शिवाय अजंता, अजिंठा, एलोरा, वेरूळ अशी चार नावं फिरत असतात, त्यामुळं काही पोरांना ती चार ठिकाणं वाटतात आणि काहींना एकच. त्यात अजिंठा नावाचं गाव वेगळं, घाटाच्या वरच्या अंगाला, आणि लेणी तिथून पुढं घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला. वेरूळचं तसं नाही, गाव आणि लेणी जवळजवळ खेटून.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो कारण यात पूर्ण सहल वाया जाऊ शकते. अजिंठा सोमवारी बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं. हे उलटसुलट होतं, दोनदा तपासा. आम्ही एका वर्षी मंगळवारी वेरूळच्या गेटवर उभे होतो, पोरं पहाटे चारला उठून आलेली, डोक्याला तेल लावून, नवे बूट घालून, आणि गेट बंद. सुट्टी सोमवारची आहे असं मी धरून चाललो होतो, म्हणजे अजिंठ्याची सुट्टी वेरूळला लावली. मग घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, दौलताबादचा किल्ला केला, दिवस गेला, पण सातवीतली एक मुलगी परत येताना म्हणाली की सर, हत्ती राहिले, म्हणजे कैलास लेण्यातले दगडी हत्ती. ते अजून डोक्यातून जात नाही. तेव्हापासून सहलीच्या परवानगीच्या कागदावर तारखेपुढं वार मी स्वतःच्या हातानं लिहितो.

आता मुळात ही दोन ठिकाणं सारखी का वाटतात, तर दोन्ही लेणी, दोन्ही एकाच जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगरात, दोन्ही १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेली आणि दोन्ही एकाच जातीच्या दगडात, आपल्या काळ्या बसाल्टमधे कोरलेली. हा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा. भूगोलाच्या तासाला दख्खनचं पठार शिकवताना फळ्यावर आडव्या रेघा मारतो ना आपण, त्या रेघा अजिंठ्याच्या कड्यात खऱ्याखुऱ्या दिसतात. सारखेपणा बहुतेक इथंच संपतो.

दगड एकच पण डोंगर वेगळा, आणि माझ्या मते बराचसा फरक इथून सुरू होतो. अजिंठ्याला वाघूर नदीनं डोंगर कापत कापत घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय, उभा कडा आहे, आणि त्या कड्याच्या पोटात आडवं आत शिरत ३० लेणी खोदलीत. तिथं कारागिरापुढं भिंत होती, म्हणून तो आत गेला, आत अंधार, आणि त्या अंधारात त्यानं चित्रं काढली. वेरूळचा डोंगर तसा उभा नाही, उताराचा आहे. उतार असल्यामुळं लेण्यांच्या पुढं अंगणं निघाली, मोकळी जागा मिळाली, आणि एका ठिकाणी तर आत शिरायच्याऐवजी डोंगराच्या माथ्यावरून खाली खोदत जायचं ठरवलं, ते कैलास, १६ नंबरचं लेणं. पोरांना हे हातानं दाखवता येतं, साबणाची वडी उभी धरून बाजूनं कोरा आणि मग आडवी ठेवून वरून कोरा. मी वर्गात आदल्या आठवड्यात हेच करून घेतो, पाच रुपयांची वडी आणि खिळा, आणि खरं सांगतो, प्रत्यक्ष जागेवर पोहोचल्यावर गाइडच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा ती वडीच त्यांना जास्त आठवते.

काळाचा घोळ तर मोठ्यांचाही असतो. दोन्ही "प्राचीन" म्हणून एकाच पोत्यात घालतात. अजिंठ्याची सुरुवात इसवी सनाच्या आधीची, ९ आणि १० नंबरचे चैत्य, म्हणजे प्रार्थनेची दालनं, त्या पहिल्या खेपेतले, सातवाहनांच्या वेळचे. मग काही शतकं काम थांबलं आणि पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात पुन्हा जोरात सुरू झालं, त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख १६ नंबरच्या लेण्यात आहे. हरिषेणानंतर थोड्याच काळात तिथलं खोदकाम बंद पडलं, काही लेणी तशीच अर्धवट राहिली. आणि वेरूळ सुरू झालं ते त्याच्यानंतर, सहाव्या शतकाच्या आसपास, आणि दहाव्या शतकापर्यंत चालत राहिलं. म्हणजे एक मिटलं आणि दुसरं उघडलं असा क्रम आहे. पोरांना मी आजोबा-नातू सांगतो, जुळे भाऊ नाही.

धर्माचंही तसंच. अजिंठा पूर्ण बौद्ध. वेरूळला ३४ लेणी रांगेत, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. आमच्या वर्गात सगळ्या घरांतली पोरं असतात आणि वेरूळच्या त्या रांगेतून चालताना प्रत्येकाला कुठं ना कुठं ओळखीचं काहीतरी भेटतं. कुणाला बुद्ध, कुणाला कैलास हलवणारा रावण, कुणाला तीर्थंकर. एकाच डोंगरात, एकमेकांच्या शेजारी, एकाची लेणी बुजवून दुसऱ्याची न खोदता. यावर मी भाषण देत नाही, फक्त चालवतो.

आणि चित्रं. "अजिंठा चित्रांसाठी, वेरूळ शिल्पांसाठी" हे वाक्य गाइडबुकातलं, ढोबळ म्हणून बरोबर आहे. पण पोरांना एवढंच सांगितलं तर ती अजिंठ्याला २६ नंबरमधे जाऊन चकित होतात कारण तिथं भिंतीवर साधारण सात मीटर लांबीची बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, कुशीवर निजलेली, खाली शोक करणारी माणसं. आणि वेरूळलाही कैलासच्या छताला आणि जैन लेण्यांत रंगाचे अवशेष आहेतच. तरी अजिंठ्याची चित्रं ती अजिंठ्याचीच. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस नि झाडांचे तंतू, वरून चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. तांबडा नि पिवळा गेरू, काजळी, हिरवी माती, आणि निळा मात्र लाजवर्द दगडाचा, तो दगड बाहेरदेशातून आलेला. आमच्या पोरांची घरं अजून शेणामातीनं सारवलेली असतात, काहींची होती. तूस घातलेली माती म्हटल्यावर त्यांचे डोळे बदलतात, ते माझ्यासाठी पद्मपाणीच्या, म्हणजे अजिंठ्याच्या चित्रातल्या कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या, डोळ्यांइतकंच बघण्यासारखं असतं.

आता प्लॅनिंगचं. अजिंठ्याला आपली बस लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावायची, तिथून चारेक किलोमीटर एसटीची शटल बस. म्हणजे पोरं मोजून उतरवा, मोजून चढवा, परत मोजून उतरवा, हा वेळ टाइमटेबलमधे कुणीच धरत नाही. मग पायऱ्या. मग रंगीत लेण्यांत, १, २, १६, १७ अशा ठिकाणी, चपला-बूट बाहेर काढायचे आणि आत एका वेळी थोडीच माणसं सोडतात. ८० पोरांचे बूट चार वेळा निघणार आणि चार वेळा लेस बांधल्या जाणार याचा हिशोब करा, तासभर त्यातच जातो. म्हणून चपला घालून या असं आधीच सांगावं. फ्लॅश मारायचा नाही, हे नियम म्हणून सांगू नका, कारण सांगा, की प्रखर उजेडानं रंग उडतात आणि हा रंग परत कुणाला लावता येणार नाही. आत मंद उजेड असतो, डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, तेवढं शांत उभं राहायला लावा आणि मग एकच गोष्ट दाखवा, १७ नंबरमधली सहा दातांच्या हत्तीची जातककथा, किंवा १ नंबरमधला पद्मपाणी. सगळं दाखवायला गेलात तर काहीच दिसत नाही. अर्धवट सोडलेलं २४ नंबर मात्र चुकवू नका, काम कसं चालायचं ते पूर्ण झालेल्या लेण्यापेक्षा तिथंच जास्त कळतं. वर कड्यावर आग्या मोहोळं असू शकतात, त्यामुळं आरडाओरडा आणि सेंट दोन्ही नको. माकडं आहेतच, डबे हातात धरून फिरू नये.

वेरूळ सोपं पडतं. गेटातून आत गेलं की समोर कैलास. पण हा सोपेपणाच फसवतो, कारण बहुतेक शाळा तेवढंच बघतात, ग्रुप फोटो काढतात आणि निघतात. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठवं शतक. अंगण ८० मीटरपेक्षा लांब, मागची कातळभिंत ३० मीटरपेक्षा उंच. साधारण दोन लाख टन दगड काढला असा अंदाज नेहमी सांगितला जातो, तर मी सातवीला गणित घालतो, दहा टनाचा एक ट्रक धरा, किती ट्रक? वीस हजार. मग शांतता होते. मग कुणीतरी विचारतं की तो दगड टाकला कुठं, आणि मी म्हणतो शोधा. पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराची दंतकथाही तिथंच सांगावी, राणीनं कळस बघेपर्यंत जेवणार नाही असा नवस केला आणि यानं आठवड्यात कळस दाखवला, कारण वरून सुरुवात केली तर कळसच आधी तयार होतो. दंतकथा आहे हे सांगूनच सांगा, पण पद्धत तिच्यातून डोक्यात पक्की बसते.

कैलासनंतर १० नंबर, सुताराची झोपडी म्हणतात ते, छताला लाकडी वाशांसारखे दगडी वासे आहेत. ज्या पोराचे वडील सुतारकाम करतात त्याला पुढं उभं करा. जैन लेणी थोडी लांब उत्तरेला आहेत, रस्त्यानं जावं लागतं, पण जा, तिथं गर्दी नसते आणि ३२ नंबरचं कोरीवकाम फार नाजूक आहे. लेण्यांचं तोंड पश्चिमेला असल्यानं दुपारनंतर उजेड आत जातो, त्यामुळं सकाळी दौलताबाद आणि दुपारी वेरूळ असा क्रम मला बरा वाटतो, अर्थात किल्ला चढून दमलेल्या पाचवीच्या पोरांना तो झेपेल का ते तुम्ही ठरवा.

मग कुणाला कुठं न्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. पाचवी ते सातवी वेरूळ. मोकळी जागा, मोठे हत्ती, चालणं, ओळखीच्या गोष्टी, आवाज झाला तरी कुणाचं काही बिघडत नाही. आठवी-नववी अजिंठा, कारण अंधारात थांबून बघायला थोडं वय लागतं, आणि १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १० नंबरच्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं, हे ऐकून "मग आपण का कोरायचं नाही" यावर खरी चर्चा त्याच वयात होते. अजिंठा बाहेरच्या जगाला तेव्हा नव्यानं कळलं, वेरूळ मात्र कधी विसरलंच गेलं नव्हतं, हाही एक फरक, तो वर्गात आल्यावर बोलायला ठेवावा.

दोन्ही करायचंच असेल तर मुक्काम करा. पहिल्या दिवशी वेरूळ, ते शहरापासून तीसेक किलोमीटर, संध्याकाळी शहरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून अजिंठा, ते शंभरेक किलोमीटर, नऊला उघडतं. खानदेशातल्या शाळांनी उलटं करावं, जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटरच आहे, त्यांना तर एका दिवसात नुसतं अजिंठा निवांत होतं. एसटीनं नेलं तर शालेय सहलीला अर्ध्या भाड्याची सवलत आहे आणि १५ वर्षांखालच्या पोरांना दोन्हीकडे तिकीट लागत नाही, त्यामुळं "खर्च परवडत नाही म्हणून एकाच दिवसात दोन्ही" हे कारण मला फारसं पटत नाही. बुधवार-गुरुवार धरा म्हणजे वाराचा प्रश्नच येत नाही. आणि ती हत्तीवाली मुलगी पुढं नववीत असताना आमच्याबरोबर परत वेरूळला आली होती, आठवी-नववी अजिंठा हा माझा नियम त्या वर्षी मी मोडला, बुधवार होता.