कुझमिन्स्की घर, यास्नाया पोल्याना

रशियातील तुला शहराजवळच्या यास्नाया पोल्याना या जमीनदारी इस्टेटीवरील दुमजली घर. ही इस्टेट लिओ टॉलस्टॉय यांच्याकडे आजोळकडून आली होती. १८५९ ते १८६२ या काळात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी चालवलेली शाळा याच घरात भरत असे.

टॉलस्टॉय यांचे आजोबा निकोलाय वोल्कोन्स्की यांनी इस्टेटीची आखणी केली. मधोमध मोठा वाडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखी दोन छोटी घरे, अशी ती रचना. अशा बाजूच्या घराला रशियनमध्ये ‘फ्लिगेल’ म्हणतात. १८५४ मध्ये टॉलस्टॉय यांनी मधला वाडा विकला. घेणाऱ्याने तो उतरवून दुसऱ्या गावी नेऊन उभारला, आणि जुळी घरे तेवढी मागे राहिली. त्यांतल्या एकात टॉलस्टॉय राहू लागले, दुसऱ्यात शाळा आली.

घर शाळेसाठी बांधलेले नव्हते, आणि ते शाळेसारखे दिसावे म्हणून टॉलस्टॉय यांनी खटाटोपही केला नाही. त्यांनी १८६२ मध्ये लिहिलेल्या वर्णनावरून आतली मांडणी समजते. ते या घराला ‘दगडी’ म्हणतात. रशियनमध्ये हा शब्द विटांच्या पक्क्या बांधकामालाही लावतात. दोन खोल्या वर्गांसाठी, एक पदार्थविज्ञानाच्या उपकरणांची आणि दोन शिक्षकांच्या राहण्याच्या. प्रवेशाच्या छपराखाली घंटा टांगलेली, तिच्या लोलकाला दोरी बांधलेली. खालच्या दालनात कसरतीचे दांडे, वरच्या दालनात सुताराचे काम करायचे मेज. वेळापत्रकही तिथेच लावलेले असे. जिना आणि दालने मुलांच्या पायांनी आलेल्या बर्फाने नाहीतर चिखलाने माखलेली असत, हेही टॉलस्टॉय यांनी नोंदवले आहे. जिन्यावरच्या त्या चिखलामुळे घराचा वापर कोरड्या नकाशापेक्षा जास्त स्पष्ट दिसतो.

गाव आणि शाळा यांच्यामध्ये एक घळ आहे. हिवाळ्यात उजाडण्याआधीच शाळेतून गावातल्या खिडक्यांतले दिवे दिसत. घंटा झाल्यावर अर्ध्या तासाने धुक्यात, पावसात, नाहीतर तिरप्या उन्हात मुले एकेक, दोन-दोन करत चढावर दिसू लागत. पटावर चाळीसेक मुले होती. हजर मात्र सहसा तीसच्या वर नसत. हातात वही नाही, पुस्तक नाही. बाकावर, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, जमिनीवर, आरामखुर्चीत, जिथे वाटेल तिथे बसायचे. ठरलेली जागा नव्हती, म्हणून मास्तरांसमोर रांगा लावण्याचा प्रश्नच आला नाही. राहत्या घराच्या बेताच्या खोल्यांना ही पद्धत फार छान मानवली. वर्गाची खास इमारत बांधली असती, तर बाकांच्या रांगांनी ही मोकळीक बहुधा हिरावून घेतली असती.

१८६२ च्या जुलैमध्ये पोलिसांनी इस्टेटीची झडती घेतली. त्याच वर्षी टॉलस्टॉय यांचे लग्न झाले आणि शाळा बंद पडली. पुढे त्यांच्या पत्नी सोफिया यांची बहीण तात्याना कुझमिन्स्काया कुटुंबासह अनेक वर्षे उन्हाळ्यात या घरी येऊन राहत असे. त्यावरून घराला आजचे नाव मिळाले.

टॉलस्टॉय यांचे कुटुंब वाढत गेले तसतशी त्यांच्या राहत्या घराला नव्या खोल्यांची भर पडली आणि त्याचा मूळ आकार झाकला गेला. शाळेचे घर त्यातून सुटले. वोल्कोन्स्की यांच्या जुळ्या घरांचे पहिले रूप पाहायचे, तर आता याच घरासमोर उभे राहावे लागते.