केसाळ पाय दोघांचेही: डॅव्हालिया आणि फ्लेबोडियम

नर्सरीत ‘रॅबिट फूट फर्न’ मागितलं की कधी डॅव्हालिया हाती येतो, कधी फ्लेबोडियम. दोन्ही नेचेच (फर्न), पण वेगवेगळे. दोघांचंही लवदार खोड कुंडीच्या काठावरून सशाच्या पंजासारखं बाहेर लोंबतं, त्यामुळे विकणारा आणि घेणारा दोघेही फसतात. लव बघून ओळख पटत नाही, कारण ती मुळात लव नाहीच. खोडावर एकावर एक दाट बसलेले पातळ, कागदी खवले आहेत ते. आणि तो पंजा म्हणजे मूळही नव्हे, रांगतं खोड आहे. मुळं त्याच्या पोटाखालून फुटतात. रोप लावताना हे विसरलं की पुढचं सगळं चुकतं.

ओळख पानावरून करा. डॅव्हालियाचं पान त्रिकोणी आणि इतकं बारीक विभागलेलं असतं की लेसच्या पडद्याची आठवण व्हावी. बाजारात जास्त दिसतो तो मूळचा फिजी बेटांचा. फ्लेबोडियम ऑरियम अमेरिकेतला, फ्लोरिडापासून दक्षिणेकडे अर्जेंटिनापर्यंत झाडांच्या खोडांवर वाढणारा. त्याचं पान जाड, निळसर झाक असलेलं, हाताच्या बोटांसारखं खोल कापलेलं. चांगल्या वाढीत मीटरभरही होतं. ‘ब्लू स्टार’ नावानं मिळणारं ठेंगणं रोप याच गोतावळ्यातलं.

पान उलटून बघितलं तर शंका उरत नाही. डॅव्हालियात बीजाणूंचे पुंजके पानाच्या कडेला, छोट्या पेल्यासारख्या खिशात बसतात. फ्लेबोडियममध्ये ते उघडे, गोल, पिवळे-नारिंगी ठिपके असतात आणि पानाच्या प्रत्येक बोटाच्या मधल्या शिरेला धरून रांगेत येतात. हे ठिपके कीड समजून औषध मारणारे कमी नाहीत. खवले कीड अशी शिस्तीत बसत नाही. ती शिरेजवळ, देठावर कुठेही चिकटते, नखानं खरवडली की अख्खी निघते आणि पान चिकट करते. ती जुन्या मऊ ब्रशनं काढावी. तेलकट फवारणीनं नेच्याची पानं करपतात, त्यातही डॅव्हालियाची आधी.

फ्लेबोडियमचा गोंधळ आपल्याकडच्या बाशिंग नावाच्या नेच्याशीही होतो. राधानगरी, गगनबावड्याकडे पावसाळ्यात झाडांवर दिसणारं कापीव पानांचं बाशिंग म्हणजे ड्रायनेरिया. त्याला दोन तऱ्हेची पानं असतात: हिरवी लांब पानं, आणि बुडाशी खोडाला चिकटलेली, तपकिरी होऊन वाळलेली आखूड पानं, ज्यांत पालापाचोळा साठतो. फ्लेबोडियमला अशी बुडाची पानं नसतात. (बाशिंग रानातून उपटून आणू नये, अभयारण्यातून तर कायद्यानंच मनाई आहे.)

लागवड दोघांची जवळपास सारखी. वीसेक सेंटिमीटर रुंद, दहा-बारा सेंटिमीटर खोल उथळ कुंडी किंवा टांगती जाळी घ्या. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग. काळी माती अजिबात नको. ती पाणी धरून बसते आणि खोड गुदमरतं. खोड मिश्रणात गाडू नका. वर आडवं ठेवून तारेच्या यू आकाराच्या पिनेनं हलकं टेकवा, मुळं आपली वाट शोधतात. गाडलेलं खोड पंधरा-वीस दिवसांत खालून मऊ पडायला लागतं, आणि वरची पानं तोवर हिरवी असल्यानं पत्ता लागत नाही.

फरक पडतो तो पाण्यात. फ्लेबोडियमचं जाड पान आणि जाड खोड कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतं. वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुकू द्यावेत, मगच पाणी. डॅव्हालियाचं मिश्रण पूर्ण वाळू देऊ नये, पण चिखलही नको. कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी डॅव्हालियाची टोकं तपकिरी होतात, म्हणून त्याला पूर्वेकडच्या खिडकीत, उन्हाची झळ लागणार नाही असं ठेवा. फ्लेबोडियमला सकाळचं कोवळं ऊन चालतं. गॅलरीत एकच नेचा ठेवायचा असेल तर आमचं मत फ्लेबोडियमला. जुलैच्या झडीत मात्र दोघांनाही छताखाली घ्या. बोअरच्या जड पाण्यानं मिश्रणावर पांढरा थर साचतो आणि पानांच्या कडा जळतात. पावसाचं साठवलेलं पाणी बरं. खत जून ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यानं.

थंडीत किंवा कोरड्या हवेत डॅव्हालियाच्या काही जाती पानं सांध्यापासून गाळतात. रोप मेलं समजून लोक पाणी वाढवतात, आणि तेव्हा ते खरंच मरतं. आधी खोड दाबून बघा. टणक असेल आणि नखानं खरवडल्यावर आत हिरवं दिसत असेल तर पाणी कमी करून थांबायचं. मऊ, तपकिरी लगदा लागला तर तो भाग धारदार पात्यानं टणक भागापर्यंत कापून टाका.

कापताना वाढतं टोक असलेला, एक-दोन पानांचा, सहा-सात सेंटिमीटरचा निरोगी तुकडा मिळाला तर तो फेकू नका. कापलेली बाजू दिवसभर सावलीत सुकवा, मग तो ओलसर सोडणावर टेकवून पिनेनं बसवा. हलका ओढून बघितल्यावर तुकडा जागचा हलला नाही म्हणजे मुळं धरली. फ्लेबोडियमचा काप जाड असल्यानं सुकायला त्याला आणखी एक दिवस द्यावा.