व्हायरसने डेटा अडकला, तर बिल कोणाचं?

"भाऊ, व्हायरस काही म्या बोलावला नाही, मंग पैसे मलेच कायले?" हंगाम सुरू झाला की कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले, डेअरीवाले सगळे आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येऊन हेच विचारतात. म्हणून एकदाचं छापून टाकलं.

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 43 प्रमाणे नुकसानभरपाई हल्ला करणाऱ्याने द्यायची. पण तो सापडणार कुठे, आणि त्याच्या नावाने पावती फाडायची कशी? बँकेतून परस्पर पैसे गेले तर मात्र मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भुर्दंड नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंत गेलेलं तुमचं. तेव्हा आधी 1930 (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) आणि बँक, आमचं दुकान नंतर.

खंडणीवाल्या व्हायरसची गोष्ट वेगळी. सकाळी पाहावं तर टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, फाइल उघडत नाही, सगळ्या फाइलींची नावं बदललेली, वर पैशाची मागणी. आम्ही विचारतो, बॅकअप आहे? "आहे ना, डिस्क कॉम्प्युटरले लावूनच असते." इथेच घात होतो. लावलेली डिस्क व्हायरसच्या लेखी कॉम्प्युटरचाच एक कप्पा. ती पण त्याच रात्री कुलूपबंद. आमचे दोन-दोन दिवस जातात, हाती जुनी बिलं टाइप करणंच उरतं. संध्याकाळी कॉपी करा, वायर काढा, डिस्क कपाटात. दोन डिस्क आलटून-पालटून वापरल्या तर उत्तम.

आणि अपडेट बंद करून ठेवू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीवाला व्हायरस आला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने अपडेटमधून मार्चमध्येच दिली होती.

डेटा परत आला नाही तरी तपासणीचे पैसे का, यावर काही जण रागावतात. मेहनत तेवढीच लागते हो. आकडा आधी सांगतो, तुम्ही हो म्हटल्यावरच हात लावतो. आम्ही चालू ठेवलेल्या रिमोटमधून (दुकानात बसून तुमचा कॉम्प्युटर चालवायची सोय) कोणी घुसला असेल, तर दुरुस्ती आमच्या खर्चाने. वर्षाचा करार असलेल्यांकडे महिन्यातून एकदा येऊन बॅकअपमधली फाइल उघडून दाखवतो. ती उघडते की नाही हे बरेच जण कधी पाहतच नाहीत.

हल्ला झाला तर नेटची वायर काढा, पैसे पाठवू नका, भाच्याकडून फॉरमॅट मारून घेऊ नका. काही व्हायरसची किल्ली 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर फुकट मिळते, पण फाइली शिल्लक असतील तरच. मशीन आणि डिस्क दोन्ही आणा. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, चारनंतर या.