मराठी दृश्यमाध्यमांतील क्वीअर चित्रण

समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी आणि तृतीयपंथी (एकत्रितपणे ‘क्वीअर’) व्यक्तींचे नाटक, चित्रपट, दूरचित्रवाणी व डिजिटल माध्यमांत झालेले चित्रण, तसेच या समूहांनी स्वतः उभी केलेली माध्यमे, हा या नोंदीचा विषय आहे. व्याप्ती मराठी मुलूख व मराठी कलावंतांपुरती आहे. हिंदी-इंग्रजी कृतींचा उल्लेख बहुतांशी मराठी धागा असेल तेथेच केला आहे.

पहिली कृती कोणती, याबाबत मतभेद आहेत. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) हे नाटक सामान्यतः आरंभस्थानी ठेवले जाते. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन जगात घडणाऱ्या या नाटकात सुमित्रा ऊर्फ मित्रा हिला नमा या तरुणीची ओढ लागते. सारी हकिकत मात्र बापू हा तिचा मित्र सांगतो. रंगमंचावर मित्रा रोहिणी हट्टंगडी यांनी उभी केली. कथनाची सूत्रे पुरुषाच्या हाती आहेत आणि शेवट मित्राच्या आत्महत्येत होतो, म्हणून याला चित्रण म्हणावे की केवळ करुणा, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे, पण त्यामुळे नाटकाचे अग्रस्थान जात नाही. मित्राला स्वतःच्या ओढीची जाणीव आहे आणि ती तिला आजार मानत नाही, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने मोठी होती. केवळ चित्रपटाचा विचार केल्यास जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) पुढे येतो. त्याची पटकथाही तेंडुलकरांचीच. महिलाश्रमातील दोन स्त्रियांची जवळीक तेथे उपकथानकात येते, परंतु ती संस्थेच्या कारभारापुढील अडचण म्हणून. त्या दोघींची बाजू प्रेक्षकाला फारशी कळत नाही.

दुसरा पक्ष हा आरंभ बराच मागे नेतो आणि तमाशातील नाच्या व संगीत रंगभूमीवरील स्त्रीभूमिका करणारे नट यांच्याशी जोडतो. या दोन परंपरा एकत्र करणे सयुक्तिक वाटत नाही. बालगंधर्वांसारख्या नटांच्या स्त्रीभूमिका स्त्रियांना रंगमंचावर प्रवेश नसण्याच्या काळातील संकेतातून आल्या. त्यांतून कोणाची लैंगिक ओळख मांडली जात नव्हती. नाच्याची गोष्ट वेगळी आहे. बायकी चालीचा पुरुष म्हणूनच तो प्रेक्षकांपुढे येतो आणि हशा त्याच्याच अंगावर घेतला जातो. रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटाने हीच जखम उघडी केली. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात पैलवानी अंगाचा गुणा फडासाठी नाच्या होतो आणि फडाबाहेरही त्याची विटंबना थांबत नाही. गुणा समलिंगी नाही. तरीही बायकी ठरलेल्या पुरुषाला गाव कसे वागवते, याचा इतका थेट दाखला मराठी पडद्यावर आधी क्वचितच आला असेल.

राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ (२००९) बाबतही असाच वाद आहे. राजन गवस व चारुता सागर यांच्या लेखनावर तो आधारलेला आहे. यल्लम्मा देवीला वाहिल्यामुळे, म्हणजे जोगता केल्यामुळे, साडी नेसणे भाग पडलेल्या तायप्पाची ही कथा. उपेंद्र लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तायप्पावर स्त्रीवेश लादलेला आहे आणि त्याचे प्रेम सुली या जोगतिणीवर आहे, त्यामुळे चित्रपट रूढीच्या विरोधात उभा राहतो. मनापासून साडी नेसणाऱ्या जोगत्याची बाजू त्यात येत नाही. देवीच्या आश्रयाने स्वतःच्या मनाप्रमाणे जगता आले असे मानणारे जोगते व जोगप्पा आजही आहेत आणि ही उणीव त्यांच्या दृष्टीने लहान नाही.

अखिल भारतीय पातळीवर पहिलेपणाचा मान कधी प्रेम कपूर यांच्या ‘बदनाम बस्ती’ला (१९७१), तर कधी रियाद वाडिया यांच्या ‘बॉमगे’ (१९९६) या लघुपटाला दिला जातो. ‘बॉमगे’ला आधार पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे कवी आर. राज राव यांच्या कवितांचा होता.

समूहाची स्वतःची माध्यमे मुंबईत आकाराला आली. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. १९९४ मध्ये याच समूहासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘गे बॉम्बे’ या गटाने इंटरनेटवरील ओळखी प्रत्यक्ष भेटीगाठींपर्यंत नेल्या. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने २००२ पासून मराठीतून काम केले. समुपदेशन आणि पुस्तके यांमुळे इंग्रजी न येणाऱ्या मुलांना व त्यांच्या आईवडिलांना आपल्या भाषेत विचारण्याची सोय झाली. डिजिटल माध्यमांच्या इतिहासात हे काम सहसा नोंदले जात नाही, ते नोंदले गेले पाहिजे.

श्रीधर रंगायन यांचा ‘गुलाबी आईना’ हा चित्रपट सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्राविना राहिला आणि पुढे नेटफ्लिक्सवर पोहोचला. त्यांनीच २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘कशिश’ या मुंबईतील महोत्सवामुळे क्वीअर चित्रपटांना मोठ्या पडद्यावर हक्काची जागा मिळाली. मरीन लाइन्सचे लिबर्टी चित्रपटगृह त्याचे अनेक वर्षे ठिकाण होते. करोनाकाळात, २०२० व २०२१ मध्ये, महोत्सव ऑनलाइन भरला.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खालील प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्यानंतर ओटीटी मंचांवर अशी पात्रे वाढली. याच काळात, आणि त्याच्या थोडे आधीपासून, मराठीच्या बाबतीत एक खेदाची गोष्ट घडत राहिली: माणसे मराठी, पडदा परभाषेचा. हंसल मेहता यांच्या ‘अलीगढ’चे (२०१६) नायक प्रा. रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत आणि मराठीत कविता लिहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण करण्यात आले, समलिंगी संबंधांवरून त्यांना निलंबित केले गेले आणि उच्च न्यायालयाने दिलासा दिल्यानंतर काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही मूळ मराठी कादंबरी. एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडलेल्या भाऊबहिणीची तिची कथा २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आली ती हिंदी-इंग्रजीत आणि केरळच्या पार्श्वभूमीवर. पारलिंगी कार्यकर्त्या श्रीगौरी सावंत यांच्या जीवनावरील ‘ताली’ (२०२३) ही मालिकाही हिंदीत झाली. दिग्दर्शक रवी जाधव, लेखक क्षितिज पटवर्धन. पारलिंगी नायिकेसाठी सुष्मिता सेन यांची निवड झाल्यावर पारलिंगी कलावंतांना संधी का नाही, हा प्रश्न विचारला गेला.

या पार्श्वभूमीवर रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ (२०२५) या चित्रपटाचे महत्त्व विशेष आहे. सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे परीक्षक मंडळाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. वडिलांच्या निधनानंतर मुंबईहून गावी आलेला आनंद दहा दिवसांच्या सुतकात बालपणीचा मित्र बाळ्याच्या पुन्हा जवळ येतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. मुलाचे मन ठाऊक असलेली आई त्याच्या बाजूने उभी असते. प्रेम जमते ते दुखवट्याच्या बैठकींतून सवड काढून, बाळ्याच्या शेळ्यांमागे रानात फिरताना. गाव म्हणजे केवळ जाच ही नेहमीची मांडणी येथे नाही आणि पात्रे बोलतात ती ग्रामीण मराठी कोणासाठी सोपी केलेली नाही. कानवडे यांच्या ‘यू फॉर उषा’ (२०१९) या लघुपटात शेतमजूर स्त्रीला शिक्षिकेविषयी वाटणारी ओढ आली होती. मराठीत स्त्री-स्त्री आकर्षणावरच्या कृती मोजक्याच असल्याने त्याचीही स्वतंत्र दखल घ्यावी लागते.

जाहिरातींपैकी विक्सची २०१७ मधील श्रीगौरी सावंत व त्यांच्या मानसकन्येवरील चित्रफीत सर्वाधिक परिचित आहे. दिग्दर्शन नीरज घेवान यांचे. दूरचित्रवाणी मालिकांत तृतीयपंथी पात्र प्रदीर्घ काळ आशीर्वाद देण्यापुरते किंवा विनोदापुरते येत असे. झी मराठीवरील ‘कारभारी लयभारी’ या मालिकेत गंगा हे पात्र प्रणित हाटे या पारलिंगी अभिनेत्रीने साकारले.