चौकटीवर डाग फुटला: खिळ्याचा की लाकडाचा?

पांढरा ऑइल पेंट मारून महिना होत नाही, तोवर दाराच्या चौकटीवर तपकिरी ठिपका वर येतो. त्यावर पुन्हा एक हात मारतात. काही दिवसांत ठिपका पुन्हा हजर. रंगारी म्हणतो रंग हलका होता, दुकानदार म्हणतो प्रायमर मारला नसेल, आणि घरमालक तिसरा डबा आणतो. रंगाचे थर वाढवून हा डाग दबत नाही, कारण डाग दोन जातींचे असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिला गंजाचा. खिळ्याच्या माथ्याला पाणी आणि हवा मिळाली की लोखंड गंजतं, आणि ओलीबरोबर तो तपकिरी रंग वरच्या थरात झिरपतो. दुसरा लाकडाच्या स्वतःच्या रसाचा. पाइनसारख्या लाकडात गाठीतली राळ, तर बाभळीसारख्या लाकडात टॅनिन, म्हणजे कातडं कमावायला लागतं ते तुरट द्रव्य. खरा फरक इथं आहे: लाकडाचा रस आहे तेवढाच असतो, त्याला आत कोंडलं की काम झालं. गंज मात्र ओल मिळत राहील तोवर नव्यानं तयार होत राहतो. त्याला नुसतं झाकून भागत नाही, तो तयार होणंच थांबवावं लागतं.

ओळखायचं कसं? आधी डागांची मांडणी पाहा. चौकटीच्या पट्टीवर वीतभर अंतरानं एका ओळीत गोल ठिपके असतील तर ते खिळे. फ्रिजवरचं छोटं लोहचुंबक दोऱ्याला बांधून पट्टीवरून फिरवा. डागापाशी ते ओढलं गेलं तर खाली लोखंड आहे. पितळी खिळ्याला ते चिकटत नाही, आणि पितळेला हा तपकिरी गंजही येत नाही. डाग बिजागरीखाली ओघळासारखा असेल तर खिळे शोधू नका, बिजागरीचे स्क्रू बदला. आणि भिंत-चौकटीच्या सांध्यातून ठरावीक उंचीवरच तपकिरी कडा येत असेल तर आतला होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, गंजतोय. तिथं भिंतीची ओल आधी बंद करावी लागते, ब्रशनं काही होत नाही.

गाठीचा डाग लांबट गोल, कडेला गडद आणि मधासारखा पिवळा असतो. थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीनं तो भाग घासला तर चिंधी पिवळी आणि चिकट होते. गंज थिनरमध्ये विरघळत नाही. टॅनिनचा डाग चहा सांडल्यासारखा, रेषांच्या दिशेनं पसरतो, आणि बहुतेक वेळा पाण्याचा प्रायमर मारल्यावर तासाभरातच दिसायला लागतो. कपाटामागचा, कमी उजेडातला पांढरा ऑइल पेंट सगळीकडे सारखा पिवळट झाला असेल तर तो डागच नव्हे. अंधारात तो रंग पिवळा पडतोच.

तिसरी एक गंमत आहे, जिच्यामुळे भलेभले फसतात: खिळ्याभोवती निळसर काळं वर्तुळ. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोखंड. तुरट लाकडात ओला खिळा बसला की हीच शाई तिथं तयार होते. वर्तुळावर लिंबाचा रस लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. काळेपणा उतरायला लागला तर शाईचाच प्रकार आहे. अशा ठिकाणी दोन्ही उपाय लागतात, आणि आधी गंजाचा.

आता गंजाचं काम. डागाभोवती दोन-तीन सेंटिमीटरचा रंग खरवडून काढा. घराचा रंग जुना असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. मुलांना खोलीबाहेर ठेवा, तोंडाला धुळीचा मास्क लावा, पाणी शिंपडून घासा. फक्त खिळ्याची जागा लगेच पुसून पूर्ण वाळवा, नाहीतर आपणच नवा गंज लावून ठेवू.

खिळा हलत असेल तर उपटून त्याजागी स्टेनलेस किंवा पितळी स्क्रू बसवा. घट्ट असेल तर सुंब्यानं (खिळा आत ठोकायच्या बोथट टोकाच्या लोखंडी कांडीनं) माथा दोन मिलिमीटर आत ठोका. माथा ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं, खोलात असेल तर तारेच्या छोट्या ब्रशनं, चकाकेपर्यंत घासा. तपकिरी भुकटी उरली तर त्यावरचा प्रायमर भुकटीवरच चिकटतो, लोखंडावर नाही. मग थिनरचा बोळा फिरवा आणि सुकू द्या.

यानंतर बारीक ब्रशनं माथ्यावर धातूच्या प्रायमरचा एक टिपका द्या, माथ्याच्या पाच मिलिमीटर बाहेर जाईल इतका. झिंक फॉस्फेटचा असेल तर उत्तम, नाहीतर साधा रेड ऑक्साइड. रेड ऑक्साइड म्हणजे स्वतःच गंजाच्या जातीचा रंग, तो कसा चालेल, अशी शंका घेणारे भेटतात. चालतो. ते रंगद्रव्य आधीच पूर्ण ऑक्साइड झालेलं असतं, ते आणखी गंजत नाही आणि तेलात बांधलेलं असल्यानं वर झिरपतही नाही. रात्रभर सुकवून दुसरा टिपका द्या.

लांबी, म्हणजे खड्डा बुजवायचा भराव, त्यानंतर. घाईत हाच क्रम उलटा होतो आणि सगळं काम वाया जातं: उघड्या माथ्यावर थेट लांबी, त्यावर प्रायमर. भुसा आणि पांढरा गोंद कालवून भरतात, त्यातही पाणी असतंच. ते पाणी वाळेपर्यंत माथ्याला गंज चढतो आणि मग भरावातून वर येतो. भिंतीची पांढरी सिमेंट पुट्टी तर लाकडावर वापरूच नये, लाकूड फुगतं-आकसतं तशी ती तडकते आणि तड्यांतून ओल आत जाते. खडूची पावडर आणि जवसाचं तेल यांची जुनी लांबी इथं बरी. वाळल्यावर १८० नंबरनं हलका हात फिरवा. जोर लावला तर आतला प्रायमरचा टिपका कापला जातो आणि माथा पुन्हा उघडा पडतो. त्यावर तेलाचा वूड प्रायमर आणि पातळ दोन हात ऑइल पेंट.

लाकडाच्या रसाचं काम त्या मानानं सोपं, पण सामान वेगळं. राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळते, त्यामुळे तेलाचा प्रायमर गाठीवर थेट मारला तर तोच राळेला वर ओढून आणतो. टॅनिन पाण्यात विरघळतं, त्याला पाण्याचा प्रायमर ओढतो. म्हणून दोघांच्या मध्ये स्पिरिटवर चालणारा पडदा हवा: चपडा लाख, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख. पाव लिटर स्पिरिटला ५० ग्रॅम चपडा, काचेच्या बाटलीत रात्रभर, अधूनमधून हलवत. सकाळी मलमलीतून गाळा. लोखंडी डब्यात ठेवू नका, लाख काळपट होते. गाठ चिकट असेल तर हेअर ड्रायरनं तापवून राळ खरवडा आणि थिनरनं पुसा. मग गाठीच्या दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत पातळ दोन हात द्या, मध्ये तासभर. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे खिडकी उघडी आणि गॅस-उदबत्ती बंद.

मात्र हीच लाख गंजलेल्या खिळ्यावर मारून मोकळे होऊ नका. ती डाग काही काळ अडवते, खालचा गंज थांबवत नाही. उलट रेड ऑक्साइड गाठीवर मारला तर तेलाचाच तो, राळ त्यातून वर येते.

काळ्या वर्तुळासाठी एक पायरी जास्त. लिंबू पुरत नसेल तर लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, प्लॅस्टिकच्या भांड्यात. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घाला. खिळा आधी काढून घ्या, फक्त काळ्या भागावर लावा, उतरल्यावर दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं पुसा आणि पूर्ण वाळवा. वाळलेले खडे घासून नाकात जाऊ देऊ नका. वाळल्यावर लाख, आणि खिळ्याच्या जागी पितळी स्क्रू.

हवामानाचा हिशेब इकडे सातारा-सांगलीत तालुक्यागणिक बदलतो. जत-आटपाडी किंवा माण-खटावच्या कोरड्या हवेत उघडा खिळाही बराच काळ गप्प बसतो. मेढा, पाटण, शिराळ्याकडे पावसाळा लागला की तोच खिळा डाग दाखवतो. सांगलीत कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या चौकटी वरून कोरड्या दिसत असतानाही आतून ओल्या असू शकतात. चौकटीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडा चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं तर रंगाचा डबा उघडू नका. लाखेचंही तसंच, दमट दिवशी मारली तर ती पांढुरकी पडते. हे सगळं काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

आणि शेवटचा हात मारण्याआधी वूड प्रायमरवर आठवडाभर थांबा. खिळा किंवा गाठ हुकली असेल तर डाग बहुधा तिथंच दिसतो, आणि तेव्हा खरवडायला एकच थर असतो.