३ सप्टेंबरच्या ड्युरंड फायनलमागे काय काय होतं

२०२३ ची ड्युरंड कप फुटबॉल फायनल, कलकत्त्याचे दोन जुने क्लब मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, मी नागपुरात शेजारच्या काकांच्या हॉलमध्ये बसून बघितली. काका रेल्वेतून रिटायर झालेले, घराणं मूळचं खुलन्याचं, म्हणजे आता बांगलादेशात गेलेल्या भागातलं, त्यामुळे जन्मापासून ईस्ट बंगाल. काकू हुगळीकडच्या, त्यांचं सगळं माहेर मोहन बागान. पन्नास वर्षांचा संसार आणि मॅचच्या दिवशी दोघं वेगवेगळ्या खुर्च्यांवर. तिकडच्या दोन क्लबचं तुले काय एवढं पडलं, असं आपले पोट्टे मला नेहमी विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे आपल्यापासून वाटतं तेवढं लांब नाही. १८८७ मध्ये कंपनी निघाली तिचं नावच बंगाल नागपूर रेल्वे, आणि पुढे तिच्याच नावाची बीएनआर टीम कलकत्ता लीगमध्ये खेळायची. तुलसीदास बलराम, १९६२ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड जिंकलेल्या टीमचा फॉरवर्ड, तो ईस्ट बंगाल सोडून १९६३ मध्ये बीएनआरमध्येच गेला. म्हणजे कलकत्त्याच्या मैदानावर आपल्या गावाचं नाव लोक वर्षानुवर्षं घेत होते. काकांच्या वडलांना या लाईननेच इकडे आणलं.

आता ड्युरंड. १८८८ मध्ये शिमल्याला सुरू झालेली, सर मॉर्टिमर ड्युरंड यांच्या नावाची स्पर्धा, आशियातली सगळ्यात जुनी. आधी फक्त गोऱ्या पलटणींची, भारतीय टीमला जिंकायला १९४० उजाडलं आणि ती टीम या दोघांपैकी नव्हतीच, मोहम्मडन स्पोर्टिंग होती. २०२३ च्या फायनलला उतरताना दोघांच्या नावावर बरोबर १६-१६ कप होते, म्हणून त्या दिवशी नुसती ट्रॉफी नव्हती, सगळ्यात जास्त वेळा ड्युरंड कोणी जिंकली याचा निकाल होता. दोघं आधी ड्युरंड फायनलला भिडले ते २००४ मध्ये दिल्लीला, तेव्हा ईस्ट बंगाल २-१ ने जिंकलं होतं, म्हणजे १९ वर्षं उलटून गेली होती.

पण भांडणाचं मूळ शोधायचं तर १९२० ला जावं लागतं. मोहन बागान तेव्हा ३१ वर्षांचा क्लब, १९११ मध्ये आयएफए शील्डच्या फायनलला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून देशभर नाव झालेलं, आणि त्या टीममध्ये पूर्व बंगालकडचीच पोरं जास्त होती हे लोक विसरतात. २८ जुलै १९२० ला कूचबिहार कपमध्ये मोहन बागानची मॅच जोडाबागान क्लबशी होती आणि जोडाबागानने ऐन वेळी शैलेश बोस नावाच्या डिफेन्डरला टीममधून वगळलं. क्लबचे व्हाइस प्रेसिडेंट सुरेशचंद्र चौधुरी खूप बोलले, कोणी ऐकलं नाही, पूर्व बंगालचा म्हणून त्याला बाहेर बसवलं अशी त्यांची खात्री झाली, ते बाहेर पडले आणि १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. म्हणजे बघा, भांडण मोहन बागानशी नव्हतंच, जोडाबागानशी होतं. आज जोडाबागानचं नाव कोणाला माहीत नाही आणि सगळी खुन्नस मोहन बागानच्या वाट्याला आली. बाहेर ठेवलेल्यांचा क्लब ही ओळख मात्र तेव्हाच पक्की झाली, लीगमधली पहिली डर्बी, म्हणजे या दोघांची आपसातली मॅच, २८ मे १९२५ ला झाली आणि ती ईस्ट बंगालने १-० ने जिंकली.

मग १९४७. फाळणीत पूर्व बंगालमधून लाखो लोक घरदार सोडून आले, कलकत्त्यात बांगाल, म्हणजे पूर्वेकडचे, म्हणून हिणवले गेले, बोली वेगळी, जेवण वेगळं, आणि त्यांना आपलं म्हणावं असं एकच नाव शहरात मोठं होतं. १९४९ नंतर ईस्ट बंगालचे 'पंच पांडव' गाजले, अहमद खान, अप्पा राव, धनराज, सालेह, व्यंकटेश, आणि हे पाचही दक्षिणेतले! निर्वासितांचे हिरो ज्यांना बंगाली धड येतही नसेल, मला ही गोष्ट फार आवडते. माशांचं प्रकरणही याच काळात घट्ट झालं, ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश म्हणजे हिलसा मासा, मोहन बागान जिंकलं की चिंगडी म्हणजे आपले झिंगे. काकांकडे हे अजून पाळतात, इलिश हावड्याकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर बर्फाच्या डब्यात यायचा आणि काका डबा उघडायच्या आधी दोन मिनिटं नुसते हात ठेवून उभे राहायचे.

फायनलच्या बाबतीत एक मजेशीर काळ होऊन गेला. निकालच लागायचा नाही. १९६० ची ड्युरंड दोघांना वाटून, १९७८ चा फेडरेशन कप वाटून, १९८२ ची ड्युरंड परत वाटून. मधे १९७५ ची शील्ड फायनल मात्र वाटून घेण्यासारखी नव्हती, ३० सप्टेंबरला ईस्ट बंगालने ५-० ने धुतलं, श्याम थापाचे दोन गोल आणि वर एक पेनल्टी त्याने घालवली, नाहीतर सहा झाले असते. सांगतात की मोहन बागानचे काही खेळाडू रात्री घरी न जाता गंगेवर नावेत लपून बसले. एका तरुण फॅनने त्या हारीनंतर जीव दिला. आणि १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर, तीही डर्बीच, गर्दीत १६ जण गेले. खुन्नस म्हणताना हे पण लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

२०२३ कडे येताना ईस्ट बंगालची हालत वाईट होती, सलग ८ डर्बी हरलेले. १२ ऑगस्टला ग्रुप मॅचमध्ये नंदकुमारने गोल मारला आणि १-० ने साडेचार वर्षांची साडेसाती संपली, काका रडले होते. मग सेमीफायनलला नॉर्थईस्टविरुद्ध ०-२ वरून बरोबरी आणि पेनल्टीवर विजय. फायनलला अनिरुद्ध थापाला रेड कार्ड, मोहन बागान १० जणांवर, काका खुर्चीच्या टोकावर, आणि ७१ व्या मिनिटाला दिमित्री पेत्रातोसने लांब पळत येऊन डाव्या पायाने बॉल ठेवला आत. १-०. सतरावा कप मोहन बागानचा. आमच्याकडे श्रावण चालू होता त्यामुळे मला फक्त झिंग्यांचा वास, काकूंनी भरपूर केले होते, आणि काकांनी माझ्यासोबत वरण-भात खाल्ला.

पुढच्या वर्षी १८ ऑगस्टला पुन्हा ड्युरंडची डर्बी होती, तीही रविवारी. आरजी कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणामुळे कलकत्ता पेटलेलं, बंदोबस्ताचं कारण देऊन मॅच रद्द केली, तर दोन्हीकडचे फॅन सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले, लाल-सोनेरी आणि हिरवा-मरून झेंडे शेजारी शेजारी, न्याय मागायला. काकूंनी मोबाईलवरचा फोटो बोटांनी मोठा करून काकांना दाखवला, दोघं एकाच खुर्चीवर वाकून बघत होते. त्या दिवशी त्यांच्याकडेही वरण-भातच होता.